जुनाट वेदनेचे रुग्ण संगणकीय नोंदींतून कसे शोधावेत?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर ती लगेच लक्षात येईल. आपण सोलापुरातील एका धर्मादाय रुग्णालयात काम करता. गेली काही वर्षे तिथे केसपेपरपासून औषधांच्या बिलापर्यंत सगळे संगणकावर आहे, आणि आता आठवड्यातून एकदा वेदना-ओपीडी सुरू करायची असल्याने जुनाट वेदनेच्या रुग्णांची यादी हवी आहे. संगणक विभागाला आपण 'क्रॉनिक पेन' हे निदान शोधायला सांगितले, तेव्हा जेमतेम पन्नासेक नावे आली. नुसता 'पेन' हा शब्द शोधायला सांगितला, तेव्हा हजारो आली. यांतली कोणती यादी खरी मानायची आणि भरवशाची यादी काढण्याची रीत कोणती, असे आपण विचारले आहे. याच कामावर पुढे एक अहवाल लिहिण्याचा विचार असल्याचेही आपण शेवटी नमूद केले आहे. तो उल्लेख महत्त्वाचा आहे. त्याकडे मी पुढे येईन.

मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षे वेदनाचिकित्सा करते, आणि रुग्णालयीन नोंदींतून अशा याद्या काढण्याचे काम संगणक विभागाच्या माणसांशेजारी बसून केलेले आहे. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते. जुनाट वेदना नोंदीत एका जागी लिहिलेली सापडत नाही. ती एकाच माणसाच्या अनेक भेटींमध्ये, महिनोन्महिने पसरलेली असते. म्हणून कोणता शब्द किंवा आजाराचा कोणता कोड शोधायचा हा नंतरचा प्रश्न आहे. एका माणसाच्या सगळ्या भेटी आपल्याला तारखांसह एकत्र पाहता येतात का, हे आधी पाहायला हवे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना जुनाट मानावी, ही व्याख्या आता सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, तिला एमजी३० हा स्वतंत्र गट मिळाला, आणि त्याखाली प्राथमिक वेदना, कर्करोगाची वेदना, शस्त्रक्रियेनंतर किंवा इजेनंतर उरलेली वेदना, नसांची वेदना असे पोटगट आले. आपल्याकडची रुग्णालये मात्र अजून प्रामुख्याने आयसीडी-१० वापरतात. तिथे जुनाट वेदना आर५२.१ आणि आर५२.२ या कोडांखाली, लक्षणांच्या प्रकरणात आहे, आणि दुसरे काहीच लिहिता येत नसेल तेव्हाच तो कोड पडतो. गुडघ्याच्या झिजेने चार वर्षे त्रासलेल्या बाईंच्या नोंदीत एम१७ असेल, मणक्याच्या चकतीमुळे पायात कळ उतरणाऱ्या माणसाच्या नोंदीत एम५१.१ असेल; वेदना हा शब्द दोन्हीकडे नसेल. शिवाय कोड लावण्याचे काम रेकॉर्ड विभाग बहुधा डिस्चार्ज कार्डावरून करतो, म्हणजे ते भरती झालेल्या रुग्णांपुरते होते. जुनाट वेदनेचा रुग्ण क्वचितच भरती होतो. तो ओपीडीत येतो, गोळ्या लिहून घेतो आणि कामावर जातो. आपल्या पन्नास नावांचे रहस्य बहुतेक एवढेच आहे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. यादी कशासाठी हवी, यावर नियम किती सैल ठेवायचा ते ठरते. वेदना-ओपीडीला बोलावण्यासाठी यादी हवी असेल, तर चुकून आलेल्या नावाची किंमत एका दूरध्वनीएवढी असते आणि सुटलेल्या नावाची किंमत म्हणजे त्या माणसाचे आणखी एक वर्ष दुखण्यात जाणे. तेव्हा जाळे मोठे टाकावे. अहवालात 'आमच्या इतके टक्के रुग्णांना जुनाट वेदना आहे' असे लिहायचे असेल, तर दोन्ही प्रकारच्या चुका मोजाव्याच लागतात. वेदनाशामक गोळ्यांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायची असेल, तर नियम आणखी वेगळा. मी यासाठी वेगवेगळ्या याद्या करत नाही. एकच यादी करून प्रत्येक नावापुढे 'निश्चित', 'संभाव्य' आणि 'वाचून ठरवावे' यांपैकी एक खूण करते, आणि ते नाव कोणत्या पुराव्यावर आले तेही लिहून ठेवते. पुढे हेतू बदलला तरी त्या यादीतून हवा तो भाग घेता येतो.

पहिले काम माणूस जोडण्याचे, म्हणजे एकाच माणसाच्या वेगवेगळ्या क्रमांकांखाली विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याचे, आणि सोलापुरात ते फार चिकाटीने करावे लागते. जुने कार्ड हरवलेल्या रुग्णाला नोंदणी खिडकीवर नवा क्रमांक मिळतो, कारण रांग लांब असते आणि जुना शोधण्यापेक्षा नवा देणे लवकर होते. रुग्ण तेलुगू किंवा कन्नड बोलणारा, लिहून घेणारा मराठी. त्यामुळे एकच बाई एकदा नरसम्मा, एकदा नर्सम्मा आणि एकदा नरसव्वा होते. आडनाव कधी माहेरचे, कधी सासरचे. वय पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न असे पाचाच्या पटीत सांगितलेले. मोबाइल क्रमांक मुलाचा, नाहीतर शेजाऱ्यांचा. मी मोबाइल क्रमांक, लिंग, दोन-तीन वर्षांच्या फरकातले वय आणि नावाच्या पहिल्या दोन अक्षरांचा उच्चार, या चारही गोष्टी जुळल्या तरच जोडी संभाव्य मानते, आणि शंकास्पद जोड्या एका जाणत्या माणसाला डोळ्यांनी पाहायला लावते. एकच मोबाइल क्रमांक घरातल्या पाच जणांचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

जोडताना चुकायचेच असेल तर न जोडण्याच्या बाजूने चुकावे. दोन वेगळ्या बायकांच्या चार-चार दिवसांच्या कंबरदुखीच्या भेटी एका नावाखाली आल्या, की जुनाट वेदनेची एक रुग्ण निव्वळ संगणकाने तयार केली असे होते. आणि ही जोडणी फक्त आपल्या यादीपुरती ठेवावी. मूळ नोंदी एकमेकींत विलीन करू नयेत, कारण एकीची औषधाची ॲलर्जी किंवा रक्तगट दुसरीच्या नावावर जाणे जिवावर बेतू शकते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाल्यापासून आभा हा प्रत्येकाचा चौदा अंकी आरोग्य-ओळख क्रमांक मिळू लागला आहे, आणि जिथे तो नोंदीला जोडलेला असेल तिथे हे काम सोपे होते. पण तो ऐच्छिक आहे आणि जुन्या भेटींवर तो नाहीच, म्हणून सध्या त्याच्यावर विसंबून चालणार नाही.

माणूस जुळला की काळाची अट लावायची. शरीराच्या एकाच भागाच्या तक्रारीसाठी, किमान ९० दिवसांच्या अंतराने, एका वर्षात दोन किंवा अधिक भेटी, हा माझा पायाचा नियम आहे. एक वर्षाची वरची मर्यादा यासाठी की २०२१ मध्ये एकदा आणि २०२४ मध्ये एकदा पाठ धरलेला माणूस जुनाट वेदनेचा रुग्ण ठरत नाही. जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांसाठी मात्र ही मर्यादा अठरा महिन्यांपर्यंत वाढवावी, कारण हंगामाचे पाच-सहा महिने ते गावात नसतात आणि तेवढा काळ त्यांची नोंदही थांबलेली असते. दुखणे थांबलेले नसते.

एकाच भेटीवरूनही जुनाटपणा कळण्याची एक वाट आहे, आणि ती पुष्कळदा वाया जाते. ओपीडीतले डॉक्टर तक्रारीपुढे कालावधी लिहितात. आपल्याकडे जुन्या पद्धतीने शिकलेले डॉक्टर ६/१२ लिहितात, म्हणजे सहा महिने. ३/५२ म्हणजे तीन आठवडे आणि ५/७ म्हणजे पाच दिवस. हे प्रत्येक डॉक्टरला कळते, पण संगणक विभागातल्या मुलाला कळत नाही; त्याच्या प्रणालीने ६/१२ ही ६ डिसेंबर मानून टाकलेली मी पाहिली आहे. छेदातला १२ म्हणजे महिने, ५२ म्हणजे आठवडे, ७ म्हणजे दिवस, हे त्याला समजावून सांगितले आणि सोबत 'महिन्यांपासून', 'वर्षांपासून' हे शब्द मराठी व इंग्रजी दोन्ही लिपींत शोधायला सांगितले, की यादी चांगलीच वाढते, आणि वाढलेली नावे बहुतांश खरी निघतात. माझ्या कामात इतक्या थोड्या कष्टांत इतका लाभ दुसऱ्या कोणत्याही उपायाने झालेला नाही.

कोडांबद्दल थोडक्यात. कंबरदुखीचे एम५४.५, मानदुखीचे एम५४.२, गुडघ्याच्या झिजेचे एम१७, खांद्याचे एम७५, आमवाताचे एम०५ आणि एम०६, फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर दुखण्याच्या आजाराचे, एम७९.७, अर्धशिशीचे जी४३, चेहऱ्याच्या नसेच्या कळेचे जी५०.०, नागीण बरी झाल्यावर उरणाऱ्या आगीचे जी५३.०, मधुमेहातल्या नसांच्या त्रासाचे जी६३.२ आणि ई११.४, असा संच घेऊन सुरुवात करावी. यातले काही आजार दीर्घकालीनच असतात, पण त्यामुळे वेदनाही दीर्घकालीन असेलच असे नाही. आमवात औषधांनी आटोक्यात असलेल्या रुग्णाला दुखणे नसेलही, आणि ई११.४ लिहिलेल्या निम्म्या-अधिक लोकांना नुसता बधिरपणा असू शकतो. म्हणून कोड एकटा आला तर 'संभाव्य', आणि कोडासोबत काळाची अट पुरी झाली तर 'निश्चित', असे मी धरते. चिकुनगुनियाचा ए९२.० हा कोडही घ्यावा. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रात ज्यांनी ओपीडी चालवली त्यांना ठाऊक आहे की ताप चार दिवसांत जातो आणि काही जणांचे सांधे पुढे महिनोन्महिने धरलेले राहतात.

औषधांच्या नोंदी हा तिसरा पुरावा, आणि इथे परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलण्याचा मोह टाळावा. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात प्राथमिक आरोग्यसेवा देणाऱ्या एका संस्थेच्या नोंदींवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात वारंवार पुढे येतो. त्यात निदानाचे कोड, वेदनेचे नोंदलेले गुण आणि ओपिऑइड, म्हणजे मॉर्फीन-ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गातल्या तीव्र वेदनाशामक, औषधांच्या चिठ्ठ्या यांची सांगड घातली होती. ती सांगड घालण्याची कल्पना आपण जरूर घ्यावी, कारण कोणताही एक पुरावा एकटा पुरत नाही, हेच त्यातून दिसते. पण तिथे दीर्घकाळ चाललेले ओपिऑइड हे जुनाट वेदनेचे ठळक चिन्ह होते. आपल्याकडे तसे नाही. मॉर्फीन बहुतेक ओपीडींमध्ये मिळतच नाही, आणि ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आल्यापासून ते लिहिताना डॉक्टर हात आखडता घेतात. ओपिऑइडची अट घातली तर आपल्या यादीत कर्करोगाचे काही रुग्ण उरतील आणि बाकीचे गळतील.

आपल्याकडचे चिन्ह वेगळे आहे. ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब या नेहमीच्या वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा येणे, त्यांच्यासोबत पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी असणे, आणि प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन ही नसांच्या वेदनेवरची औषधे सलग चालू असणे. या दुसऱ्या गटाबाबत सावध राहावे. गॅबापेंटिन फिटसाठी, ॲमिट्रिप्टिलिन झोपेसाठी आणि ड्युलॉक्सेटिन नैराश्यासाठीही दिले जाते, आणि प्रीगॅबालिन-मिथाइलकोबालामिनची जोडगोळी हातापायाला मुंग्या येतात म्हणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मिळते. शिवाय रुग्णालयाच्या औषध दुकानातली विक्री म्हणजे पूर्ण चित्र नव्हे. सोलापुरातला श्रमिक दुखण्याची गोळी गल्लीतल्या मेडिकलमधून दोन-दोनच्या तुकड्यांत घेतो, आणि ती कुठल्याही नोंदीत येत नाही. त्यामुळे औषध सापडले तर तो पुरावा मानावा. सापडले नाही, म्हणून माणूस यादीतून काढू नये.

आता मोकळ्या मजकुराकडे, म्हणजे डॉक्टर-परिचारिकांनी आपापल्या शब्दांत लिहिलेल्या ओळींकडे वळते, कारण आपली हजारो नावे तिथूनच आली आहेत. 'पेन' शोधल्यावर 'नो चेस्ट पेन' असे लिहिलेला प्रत्येक हृदयरुग्ण आणि 'नो पेन ॲबडोमेन' लिहिलेली प्रत्येक गरोदर स्त्री यादीत येते. नकाराचा शब्द तक्रारीच्या आधी चार-पाच शब्दांत असेल तर ती ओळ वगळावी, हा साधा नियम लावला तरी बराच कचरा निघून जातो. दुसरीकडे 'पेन' न लिहिलेले कितीतरी खरे रुग्ण असतात. डॉक्टर घाईत 'एलबीपी' (कंबरदुखी), 'ओए नी' (गुडघ्याची झीज), 'नेक-शोल्डर' एवढेच लिहितो. परिचारिका रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहिते, आणि त्यांत कळ, ठणका, चमक, रग, आखडणे, भरून येणे, मुंग्या, तळपायाची आग, सांधे धरणे असे सगळे असते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू रुग्णाचे 'नोप्पी' आणि अक्कलकोटकडून आलेल्या कन्नड रुग्णाचे 'नोवू', म्हणजे दुखणेच, हेही नोंदीत सापडते, कधी देवनागरीत, कधी रोमन अक्षरांत. हा शब्दसंग्रह पुस्तकातून मिळत नाही. आपल्याच ओपीडीच्या दोन-तीनशे नोंदी वाचून, नोंदणी खिडकीवरच्या आणि ड्रेसिंगच्या खोलीतल्या लोकांना विचारून तो तयार करावा लागतो. त्या कामाला एक आठवडा द्या. तो वाया जाणार नाही.

वेदनेचे गुण, म्हणजे शून्य ते दहा या मोजपट्टीवरचा आकडा, आपल्या प्रणालीत असतील तर वापरण्याआधी तो रकाना एकदा उघडून वाचावा. मी पाहिलेल्या एका प्रणालीत ओपीडीच्या नोंदींमध्ये पानामागून पान शून्यच होते, अगदी हाड मोडून आलेल्या माणसापुढेही. प्रणालीने तो रकाना आधीच शून्याने भरून ठेवला होता आणि कोणी तो बदलत नव्हते. अशा ठिकाणी शून्याचा अर्थ 'दुखत नाही' असा नसून 'विचारलेले नाही' असा घ्यावा लागतो. चार किंवा त्याहून अधिक गुण मात्र कोणीतरी मुद्दाम लिहिलेले असतात. त्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

इथवर माणूस, काळ, कोड, औषध, मजकूर आणि गुण असे पुरावे जमले. यांची गोळाबेरीज करून नियम बनवणे अवघड नाही. तो नियम किती खरा हे तपासणे अवघड आहे, आणि बहुतेक अहवाल तिथेच कच्चे राहतात. म्हणून हे आकड्यांसह सांगते. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत.

समजा दहा हजार रुग्णांमधून आपल्या नियमाने एक हजार नावे उचलली. त्यांतून चिठ्ठ्या टाकून १०० नोंदी निवडल्या आणि पूर्ण वाचल्या. ८० खरोखर जुनाट वेदनेच्या निघाल्या. न उचललेल्या नऊ हजारांतूनही तशाच १०० वाचल्या. त्यांत ४ रुग्ण सुटलेले सापडले. वाचलेल्या दोनशे नोंदींपुरते पाहिले, तर खरे रुग्ण ८४ आणि त्यांतले पकडलेले ८०, म्हणजे ९५ टक्के, असे कोणीही समाधानाने लिहून मोकळे होईल. पण पहिले शंभर हे हजारातले आहेत आणि दुसरे शंभर नऊ हजारांतले. दोन्हीकडे पूर्ण संख्येला हिशेब नेला, तर पकडलेले ८०० आणि सुटलेले ३६० होतात. म्हणजे एकूण १,१६० पैकी ८००, सुमारे ६९ टक्के. दर तीन रुग्णांमागे जवळजवळ एक सुटला आहे, आणि ९५ टक्के लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

याच्याही पुढे जाऊन पाहा. त्या चारांच्या जागी योगायोगाने दोन सापडले असते, तर उत्तर ८२ टक्के आले असते. सात सापडले असते तर ५६ टक्के. शंभरातल्या दोन-चार नोंदींवर सगळे उत्तर हेलकावे खाते. म्हणून वाचण्याची ताकद मर्यादित असेल तर ती न उचललेल्या गटात जास्त खर्च करावी, आणि त्या गटाचेही दोन भाग करावेत: ज्यांच्या नोंदीत वेदनाशामकाची एखादी तरी चिठ्ठी किंवा सांध्यांची एखादी तक्रार आहे पण काळाची अट पुरी झाली नाही असे, आणि ज्यांच्यात काहीच नाही असे. सुटलेले रुग्ण बहुतेक पहिल्या भागात सापडतात. तिथून अधिक नोंदी वाचाव्यात आणि हिशेब करताना प्रत्येक भागाला त्याच्या आकाराचे वजन द्यावे.

नोंदी दोन जणांनी स्वतंत्रपणे वाचाव्यात, आणि कोणती नोंद नियमाने उचललेली आहे हे त्यांना कळू देऊ नये. वाचण्याआधी एका पानावर लिहून ठरवावे की काय दिसले म्हणजे 'होय', काय दिसले म्हणजे 'नाही', आणि 'नोंदीवरून सांगता येत नाही' हे तिसरे उत्तर मोकळेपणाने देता यावे. दोघांचे जुळले नाही तर तिसऱ्या ज्येष्ठ व्यक्तीने निर्णय द्यावा. वारंवार जुळत नसेल, तर दोष वाचणाऱ्यांत नसून त्या पानावरच्या व्याख्येत आहे असे समजून ती पुन्हा लिहावी.

एवढे केल्यावरही आपल्या हातात येते ती रुग्णालयाला कळलेली वेदना. अमेरिकेत २०१६ च्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी २०.४ टक्के लोकांना जुनाट वेदना असल्याचे आणि ८ टक्के लोकांचे रोजचे जगणे तिने अडवले असल्याचे दिसले होते, आणि तो आकडा लोकांना थेट विचारून आलेला होता. आपली लोकसंख्या वेगळी आहे आणि रुग्णालयाची गर्दी म्हणजे समाज नव्हे, तरी आपल्या यादीत प्रौढ रुग्णांपैकी दोन-तीन टक्केच नावे आली, तर सोलापूरकरांना दुखत कमी आहे असा निष्कर्ष काढू नये.

कोण सुटते, हे आपल्या शहरात फार स्पष्ट आहे. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास पाने कापणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांची मान, खांदे, अंगठ्याचा सांधा आणि कंबर दुखणारच, आणि ते त्या आजार म्हणून सांगत नाहीत. ते कामाचेच अंग आहे असे त्या धरून चालतात. विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, बाई ओपीडीत येते ती रक्तदाबाची गोळी संपली म्हणून. तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ मावते, आणि तिथे 'बीपी फॉलोअप' लिहिले जाते. यंत्रमागावर पाळी करणाऱ्याचे गुडघे आणि मार्केट यार्डातल्या हमालाची पाठ यांचेही तेच. या माणसांना संगणक शोधू शकत नाही, कारण त्यांचे दुखणे आपण कधी लिहूनच घेतलेले नाही. म्हणून जुन्या नोंदींतून यादी काढण्याच्या जोडीला रक्तदाब-मधुमेहाच्या ओपीडीत प्रत्येकाला थेट विचारण्याची सोय करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्या ओपीडीचा आणखी एक उपयोग आहे. आपल्या यादीतले जे रुग्ण मधुमेही किंवा उच्च रक्तदाबाचे आहेत आणि ज्यांना वेदनाशामक गोळ्या वारंवार लिहिल्या गेल्या आहेत, त्यांची शेवटची क्रिएटिनिन तपासणी, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी, कधी झाली, ते त्याच वेळी काढावे. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका जास्त. वर्षभरात तपासणी झालेली नाही अशी नावे सर्वांत वर ठेवावीत. कर्करोगाचा कोड आणि दुखण्याची नोंद एकत्र आलेली नावे तर यादी पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी काढून संबंधित डॉक्टरांच्या हाती द्यावीत.

अहवालाचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून परवानगीबद्दल सांगणे भाग आहे. रुग्णांना उपचारासाठी बोलावणे हा सेवेचा भाग. पण त्याच माहितीवर संशोधन म्हणून काही लिहायचे असेल, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी, नंतर नव्हे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ मध्ये झालेला आहे. विश्लेषणाच्या फाइलमधून नाव, मोबाइल आणि पत्ता काढून टाकावा, आणि नाव-क्रमांक जोडणारी फाइल एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी. अशी यादी व्हॉट्सॲपवर फिरताना मी पाहिली आहे. ते कधीही होऊ देऊ नये. दूरध्वनी करताना पलीकडे मुलगा, सून किंवा मुकादम असू शकतो, आणि 'तुमच्या आईंना जुनाट आजार आहे' हे वाक्य त्याच्या कानावर घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. रुग्णालयातून बोलतो आहोत, त्यांच्याशीच बोलायचे आहे, एवढेच सांगावे. शक्य असेल तर तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या परिचारिकेकडे हे काम द्यावे. रुग्ण तिच्याशी जे बोलतो ते आपल्याशी बोलत नाही.

त्याच बोलण्यात तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखले, त्याने जगण्यातली गोडी किती कमी केली, आणि रोजच्या कामाला किती अडवले. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. पेग या नावाची ही छोटी प्रश्नावली बाहेर बरीच वापरली जाते आणि दूरध्वनीवर दोन मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात कोणाला बोलवायचे, हे या गुणांवरून ठरवावे. यादीतल्या क्रमावरून ठरवू नये.

सुरुवात लहान ठेवा. पूर्ण सहा-सात वर्षांच्या नोंदी एकदम घेऊ नका. अस्थिरोग आणि मेडिसिन या दोनच ओपीडी आणि गेले दीड वर्ष एवढेच घ्या, त्यावर नियम बसवा, वाचून तपासा, मग मागे जा. आणि याच आठवड्यात संगणक विभागाला सांगून ओपीडीच्या नोंदीत एक सक्तीचा रकाना वाढवून घ्या: 'कुठे दुखते का, आणि किती महिन्यांपासून'. त्यात आधीच काही भरून ठेवू नये, आणि 'विचारले नाही' हा पर्याय वेगळा असावा. नोंदणी खिडकीवर त्याने अर्ध्या मिनिटाचे काम वाढेल आणि कुरबूर होईल. तेव्हा अधीक्षकांशी आधी बोलून ठेवा आणि पहिले काही दिवस स्वतः तिथे उभ्या राहा.